जुन्या इंजिनाची वायू सोडणारी नळी ठेवावी की पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवावा?

पिस्टनच्या रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी जळालेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते, न जळालेलं पेट्रोल असतं. तो बाहेर पडला नाही तर ऑइलमध्ये गाळ धरतो आणि दाब वाढून सील गळू लागतात.

१९६० पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत यासाठी एक साधी नळी असे. इंजिनाच्या बाजूने निघून रस्त्याच्या दिशेने उतरलेली, टोकाला तिरकी कापलेली. गाडी धावू लागली की टोकाशी हवेचा दाब कमी होतो, वायू ओढला जातो आणि ऑइल भरायच्या टोपीतल्या जाळीतून ताजी हवा आत येते. बिघडण्यासारखं काहीच नाही. पण गाडी सिग्नलला उभी राहिली की ही ओढही थांबते. शिवाय खाली ऑइलचे थेंब पडतात ते वेगळेच.

पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह तोच वायू मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत, ओढून इंजिनातच जाळतो, त्यामुळे गाडी उभी असतानाही काम चालू राहतं. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या लष्करी गाड्यांत ही युक्ती होती. कॅलिफोर्नियात ती १९६१ च्या मॉडेलपासून आली, धुरकटलेल्या हवेपायी. आत स्प्रिंगवरची एक छोटी दांडी असते. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डची ओढ जबर, तेव्हा दांडी वाट अरुंद करते. ओढ कमी झाली की वाट मोकळी होते. बॅकफायर झाला, म्हणजे मॅनिफोल्डमध्येच भडका उडाला, तर दांडी उलटी बसते आणि ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोचत नाही.

म्हणूनच हाताला लागेल तो व्हॉल्व्ह बसवून चालत नाही. वाट जास्त मोठी निघाली तर आयडलिंगला हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ (हवा जास्त) होऊन इंजिन थरथरतं. बरोबर मापाचा बसवला तरी हे मिश्रण करणारा कार्बोरेटर नव्याने जुळवावा लागतोच. तपासणी मात्र सोपी: चालू इंजिनावर व्हॉल्व्ह काढून तोंडाशी बोट धरा, ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून कानाशी हलवा, खुळखुळला पाहिजे.

गाडी महिन्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर निघत असेल, किंवा मूळ रूपाचा हट्ट असेल, तर नळी ठेवा. फक्त ती आणि टोपीची जाळी रॉकेलने धुवा. गर्दीत रोज चालवणार असाल तर माझं मत सरळ पीसीव्हीला. त्याआधी चालू इंजिनावर ऑइलची टोपी काढून बघा. तिथून धुराचे भपके येत असतील तर पैसे आधी रिंगांवर घाला.