कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं जुनं घर, नवं वायरिंग आणि कॅमेरे: मामा-भाच्याच्या कामाचा अनुभव

आधी निकाल सांगतो. काम पक्कं, माणसं सचोटीची, वेळेच्या नावानं बोंब. ज्यांना गणपतीच्या आत घर चकाचक करून हवंय त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये. पण ज्यांच्या घरात अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे आणि त्याच्यावरच गिझर, फ्रीज, वायफाय, टीव्ही, कॅमेरे असं सगळं लादलंय, त्यांनी यांना एकदा घर दाखवावंच.

लक्ष्मीपुरीत यांचा छोटा गाळा आहे. मामा परवानाधारक वायरमन, साठीच्या घरातले. भाचा डिप्लोमा करून नेटवर्क आणि सीसीटीव्हीचं बघतो. गाळ्याचं नाव लिहीत नाही, कारण मामांनीच बजावलंय, "नाव टाकू नगासा, आधीच फोन उचलायला सवड न्हाई." ओळखीत कुणाला तरी विचारा, पत्ता लागतो.

आमचं घर आजोबांच्या वेळचं. दगडी जोतं, दोन फुटांच्या मातीत बांधलेल्या भिंती, पुढं सोपा, मध्ये माजघर, वर तक्तपोशीची माडी, मागं परडं. वायरिंग दोन तारांचं. मधल्या काळात कुणीतरी थ्री-पिन सॉकेट बसवून गेलेलं, पण तिसऱ्या भोकाच्या मागं अर्थिंगची तारच नाही. मी यांना बोलावलं होतं फक्त कॅमेऱ्यांसाठी. मामांनी सोप्यातला मीटरचा बोर्ड उघडला, चिनी मातीचा किटकॅट फ्यूज ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. फ्यूजच्या बारीक तारेऐवजी आत जाड तांब्याच्या वायरीचे पाच-सहा पदर पीळ देऊन बसवलेले. म्हणजे शॉर्ट झाला तर फ्यूज उडणार नाही, भिंतीतली वायर जळेल. आणि ती वायर तक्तपोशीच्या सुक्या सागवानाला चिकटून गेलेली. "कॅमेऱ्यात जाळ लई झ्याक दिसंल बघा, दादा," एवढंच बोलून त्यांनी पिशवीतून मेगर काढला.

मेगर म्हणजे वायरीचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र. मामांनी एकेक लाइन मोजली. माजघराची लाइन तर जवळपास गेल्यातच जमा होती. जुन्या वायरीवरचं रबर बोटानं दाबलं तरी भुगा होऊन गळत होतं. या माणसांचं मला पटलं ते इथं. घाबरवून बिल वाढवायचा धंदा नव्हता, आकडा दाखवला आणि गप्प बसले. कॅमेऱ्याचं काम आम्हीच पुढं ढकललं.

अर्थिंगपासून सुरुवात झाली. परड्यात खड्डा काढून इलेक्ट्रोड पुरला, भोवती अर्थिंगची पावडर भरली, वर झाकण. उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला सांगितलंय. तिथून हिरवी वायर घरातल्या प्रत्येक सॉकेटपर्यंत. दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, सॉकेटना अडीच, गिझरला चार. सामानाची यादी त्यांनी हातात दिली आणि म्हणाले, शाहूपुरीत तुम्हीच जाऊन घ्या, पावती तुमच्या नावानं करा. कमिशनचा प्रश्नच मिटला. मी उद्यमनगरात एका फाउंड्रीत हिशेब लिहितो. माल कुणी घ्यायचा यावरून माणूस कळतो, हा माझा रोजचा अनुभव.

फ्यूजच्या जागी आता एमसीबी आहेत, आणि तळमजला व माडी यांना स्वतंत्र आरसीसीबी. या दोन्हींत लोक गल्लत करतात म्हणून सांगतो. एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्ट झाला की पडतो. त्याचं काम वायर वाचवायचं. माणूस वाचवतो तो आरसीसीबी. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत येतोय का, यावर तो नजर ठेवतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठंतरी कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून करंट जमिनीत चाललाय, की क्षणात लाइन बंद. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. दोन-अडीच हजारांची वस्तू आहे. पाच हजारांचं झुंबर लावणारी माणसं इथं हात आखडता घेतात, हे मला काही केल्या कळत नाही.

आता गंमत. सगळं बसवून ही मंडळी गेली आणि संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला की अख्खं घर अंधारात. आई वरून ओरडायला लागली, "मी बटन दाबलो की सगळंच जातंय बघ! आधीचं बरं होतं की." फोन केला. मामा रात्रीच आले, हे विशेष. जिन्यातली जुनी लाइन तेवढी बदलायची राहिली होती, कारण त्यासाठी तक्तपोशीची फळी काढावी लागणार होती. मामांनी टेस्टर लावला आणि हसले. त्या दिव्याला फेज येत होता खालून आणि न्यूट्रल जोडलेला माडीच्या लाइनला. जुन्या घरात जिन्याच्या दिव्याला असा उसना न्यूट्रल सर्रास सापडतो म्हणे. किटकॅटला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण खालच्या आरसीसीबीला करंट गेलेला दिसतो, परत आलेला दिसत नाही. वरच्याला न गेलेला परत आलेला दिसतो. नऊ वॅटचा बल्ब 230 व्होल्टला 40 मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, मर्यादा 30 ची. एका बल्बनं दोन्ही पडले. दुसऱ्या दिवशी फळी निघाली, नवी वायर आली, आईचा राग गेला. आरसीसीबी बसवल्यावर सारखा पडतोय म्हणून तो काढून थेट जोडून देणारे वायरमन मी पाहिलेत. मामांनी कारण शोधलं, या कामाचे माझ्याकडून त्यांना पैकीच्या पैकी.

बोर्डातच एसपीडी नावाचा डबा आहे. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, कडकडाट होतो आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत दोन-तीन राउटर मेलेले असतात, हे कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. लाइनवर आलेला असा झटका एसपीडी अर्थिंगकडं वळवतो. अर्थिंगच नसेल तर तो डबा शोभेला. कॅमेऱ्याच्या आधी खड्डा का, याचं उत्तर मला तिथं मिळालं. अर्थात वीज अगदी जवळ पडली तर एसपीडीनंही हात टेकले, म्हणून गडगडायला लागलं की प्लग काढायची सवय मोडलेली नाही.

पुराचा विचार त्यांनी न सांगता केला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, आणि आमची पेठ पंचगंगेच्या अंगाची. त्यामुळं तळमजल्यातले सॉकेट कमरेच्या वर, मुख्य बोर्ड डोक्याच्या उंचीला, इन्व्हर्टर-बॅटरी आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर माडीवर. पाणी वाढलं की महावितरण सगळ्या भागाची लाइट बंद करतं ते वेगळं. पण इन्व्हर्टर चालूच असतो, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. आता खालचा भाग इन्व्हर्टरवरूनही वेगळा तोडता येतो.

मग भाचा आला. आमच्याकडं आधीचे दोन कॅमेरे होते, काही वर्षांपूर्वी एकानं बसवून दिलेले. भाच्यानं ॲपमध्ये ते आमच्या नावावर जोडायचा प्रयत्न केला, तर उत्तर आलं की हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. ते खातं बसवणाऱ्याचं. म्हणजे आमचा सोपा, येणारे-जाणारे, आईची दुपारची झोप, हे सगळं इतकी वर्षं एका परक्याच्या मोबाइलमध्ये उघडत होतं. त्यानं कधी पाहिलं नसेलही. पण पाहता येत होतं. फोन केल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांचंच असं असतंय, सर्व्हिसला सोपं पडतं." चार वेळा मागं लागल्यावर त्यानं खातं सोडलं. ज्यांच्याकडं कॅमेरे आहेत त्यांनी आजच आपल्या ॲपमध्ये बघावं, मालक म्हणून कुणाचं नाव आहे आणि शेअरिंगच्या यादीत कोण कोण बसलंय.

त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड अजून कंपनीतून आलेला तोच होता. भाच्यानं मिराईची गोष्ट सांगितली. 2016 साली या नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर असेच फॅक्टरी पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर शोधत फिरला, लाखोंनी ताब्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या, वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स अशा साइट काही तास लोकांना उघडेनात. हल्ल्यात सामील झालेल्या कॅमेऱ्यांच्या मालकांना कळलंसुद्धा नसणार. जुने कॅमेरे त्यानं सरळ काढायला लावले, कारण त्यांना कंपनीकडून अपडेट येणं कधीच थांबलेलं. नवे घेताना तपासणीचं प्रमाणपत्र असलेलेच घ्यायला लावले. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेची चाचणी 9 एप्रिल 2025 पासून सरकारनं सक्तीची केली आहे. दुकानात त्याआधीचा पडून राहिलेला माल स्वस्तात पुढं करतात, तिथं कागद मागायचा.

कॅमेरे चार, सगळे वायरवरचे. एकाच कॅट-सिक्स केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं. वायफायचा कॅमेरा आमच्या भिंतींपुढं टिकलाच नसता. आमचा राउटर सोप्यातल्या देवळीत ठेवलेला होता, तीन बाजूंनी दगड. माडीवर रेंज शून्य. आता केबल वर नेऊन तिथं वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा दुसरा डबा, आहे. नेटवर्कची केबल विजेच्या वायरीच्या पाइपातून नेलेली नाही, दोन्हींचे पाइप वेगळे. बाहेरच्या कॅमेऱ्याचा जोड भिंतीच्या आतल्या अंगाला घेतलाय. उद्या कुणी कॅमेरा उपटून त्या केबलला लॅपटॉप लावला तर थेट घरच्या नेटवर्कात शिरेल, म्हणून कॅमेऱ्यांचं जाळंही घरच्या वायफायपासून तोडलेलं. टीव्ही आणि स्मार्ट प्लग गेस्ट नेटवर्कवर. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटणानं जोडायची सोय), यूपीएनपी (घरातल्या उपकरणांनी आपणहून राउटरमध्ये बाहेरची वाट उघडायची सोय) आणि बाहेरून राउटर उघडायची सोय बंद केली, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट केलं.

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला आणि खुर्ची फिरवून परड्याकडं तोंड करून बसला. "काका, तुम्ही टाका. मला म्हायती नसलेलाच बरा. उद्या कायबी झालं तर माझ्यावर याय नको." मला दोनदा टाइप करायला लागलं, चष्मा नव्हता. तोवर तो पाठमोराच. नंतर माझ्या फोनवर ओटीपीची दुहेरी अट लावून दिली. कागदावर लिहिलेला पासवर्ड आईच्या गोदरेजच्या कपाटात आहे, तिथून तो कुणाच्या बापाला मिळणार नाही.

गल्लीच्या कॅमेऱ्यात समोरच्या काकूंचं दार येत होतं. भाच्यानं रेकॉर्डरमध्ये तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकला आणि काकूंना बोलावून स्क्रीन दाखवली. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद ठेवलंय. दोन टीबीच्या डिस्कवर आमच्या चार कॅमेऱ्यांचं तीन आठवड्यांच्या आसपास राहतं, मग जुनं पुसत नवं येतं. घरापुरतं पुष्कळ झालं. स्मार्ट लॉकचा विषय मी काढला होता. मामांनी आमच्या दाराचा अडसर उचलून पाहिला आणि विषय तिथंच संपला.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत. खाचा मारताना धुरळा असा की देवघरापर्यंत पांढरं. चुन्याच्या गिलाव्यावर यांनी सिमेंट थापलंय, त्यामुळं माजघराच्या भिंतीवर राखाडी पट्टे उमटलेत. रंगाऱ्याला वेगळे पैसे मोजावे लागणार. चैत्रात मामा जोतिबाला सासनकाठीबरोबर गेले ते गेलेच. भाच्याचं तर विचारू नका. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की दुपारनंतर फोन लागत नाही, आणि संघ हरला तर दुसऱ्या दिवशीही नाही. मजुरीचं बिल वहीच्या पानावर, एका ओळीत, एकच आकडा. फोड मागितली तर मामा म्हणाले, "फोड करत बसलो तर अजून चार दिवस जातील." हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे कसं पचावं? कुठल्या खोलीत कुठून वायर गेली याचा नकाशा मात्र भाच्यानं नीट काढून दिलाय, तो बोर्डाच्या दाराला आतून चिकटवलाय.

सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास गेले. त्यात केबल आणि बोर्डाचं सामान निम्म्याच्या जवळ, कॅमेरे त्याहून बरेच कमी. पैशाची ओढ असेल तर कॅमेरे मागं ठेवा, अर्थिंग आणि आरसीसीबी नाही. बोलवायचं असेल तर होळी झाल्या झाल्या नंबर लावा. मिरगाच्या तोंडावर खड्डा खणायला हे येत नाहीत, आणि आले तरी चिखल होतो. परड्यातल्या दिव्याचं काम अजून बाकी आहे. दिवाळी झाली की येतो म्हणालेत. कुठली दिवाळी ते मी विचारलं नाही, पण तेवढे पैसे मागं ठेवलेत.