आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ९९ टक्के, अर्धा लिटर: डेक वाचला पण झाकणाने डोकं फिरवलं

ज्यांच्याकडे अजून टेप डेक चालू आहे त्यांच्यासाठीच लिहितोय, बाकीच्यांनी मोबाईल पुसायला काहीही घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या डेकचा आवाज एकदम बसला, कुमारजींची, म्हणजे कुमार गंधर्वांची, निर्गुणी भजनं लावली तर गोधडीत तोंड घालून गातायत असं वाटायचं. इथे इंदूरला महाराणी रोडवर एकाला दाखवला, त्याने न उघडताच सांगून टाकलं, हेड गया भिया, बाराशे लगेंगे. कसलं गेलं! घरी येऊन टॉर्च मारला तर हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर, टेपचं ऑक्साईड घासून घासून बसलेलं. हेडची फट असते मायक्रॉनमध्ये, जरासा थर आला की टेप हेडला टेकत नाही आणि सगळ्यात आधी ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, जातं.

मग दवा बाजारातून ही बाटली आणली. सत्तर टक्केवालं स्वस्त मिळत होतं पण त्यात बाकी सगळं पाणीच ना, ते वाळायला वेळ लावतं. सॅनिटायझर तर अजिबात नको, ग्लिसरीनचा चिकटा मागे राहतो, आणि सर्जिकल स्पिरिट घेणार असाल तर लेबल वाचा, काहींत एरंडेल असतं. इअर बड नुसती ओलसर करून हेड पुसलं, पहिली काडी कॉफीच्या रंगाची निघाली, मग टेप ओढणारा कॅप्स्टनचा दांडा पुसला, सगळं वाळू दिलं. कॅसेट लावली तर तानपुऱ्याची जवारी, तो तारांचा झंकार, स्पष्ट! पाच स्टार तिथेच ठरले होते.

पण झाकण. आतलं बूच महिन्याभरात सैल, आणि कपाटात नुसती उभी असलेली बाटली एप्रिल-मेमध्ये निम्मी झाली. अहो एका वेळी लागतं किती, चार थेंब, नातवंडांना पुरली असती! वर आयपीए हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे उरलेलं अजून ९९ आहे की नाही देव जाणे. कंपनीला फोन केला तर म्हणे रिटर्नची मुदत संपली. मला बाटली नकोय हो, झाकण पाठवा, तर म्हणे झाकण वेगळं मिळत नाही. वास येतो तो वेगळाच, गॅसजवळ तर चुकूनही ठेवू नका, भडकतं.

अपडेट: पिंच रोलरवर (टेप दांड्यावर दाबून धरणारं रबरी चाक) आता हे लावत नाही. मॅन्युअलमध्ये चालतं लिहिलंय, पण जुनं रबर कोरडं पडून चकाकायला लागलं, टेप सरकायला लागली. रोलरला साबणाचं पाणी बरं, नीट वाळवून.

दोन स्टार झाकणाचे कापले. कोणाकडे घट्ट बुचाची काचेची रिकामी बाटली पडली असेल तर सांगा, रामबागेत असाल तर येऊन घेऊन जाईन.