रिअ‍ॅलिस्टिक की रिड्यूस्ड: ऑनलाइन रॅलीत डॅमेज कुठलं ठेवायचं?

नाशकात चार-सहा जणांनी मिळून रिचर्ड बर्न्स रॅली या कॉम्प्युटरवरच्या रॅली गेमवर लीग काढायची ठरवली, की गाड्यांची निवड दहा मिनिटांत होते आणि डॅमेजवर रात्र जाते: आपटल्यावर गाडी खऱ्यासारखी मोडावी (रिअॅलिस्टिक) की कमी (रिड्यूस्ड)? कधीकाळी रॅली ऑफ महाराष्ट्रच्या वेळी रस्त्याकडेला उभं राहून वाकड्या चाकाची मित्सुबिशी सीडिया सर्व्हिसकडे, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्याकडे, सरपटत जाताना ज्यांनी पाहिली, त्यांना रिअ‍ॅलिस्टिकशिवाय काही चालत नाही. नव्या पोरांचं म्हणणं वेगळं: तिसऱ्या वळणावरच घरी जायचं असेल तर स्टिअरिंग टेबलाला कशाला आवळायचं? हा वाद हिमतीवर नेऊन उपयोग नाही. रॅली किती स्टेजची (स्टेज म्हणजे घड्याळ लावून पळवायचा रस्त्याचा एक टप्पा), मध्ये सर्व्हिस किती वेळा आणि रिटायर झालेल्याला पुन्हा घेणार का, या तीन गोष्टींवर उत्तर ठरतं.

साधा हिशोब करा. समजा, एखादा ड्रायव्हर 20 स्टेजमध्ये एकदा गाडी घालवतो, म्हणजे पुढे चालणारच नाही इतकी मोडतो. 4 स्टेजची रॅली तो पूर्ण करण्याची शक्यता 81 टक्के, 12 स्टेजची फक्त 54. 20 मध्ये दोनदा घालवणारा असेल तर 12 स्टेजला 28 टक्के. म्हणजे लांब रॅली, रिअ‍ॅलिस्टिक आणि परत येण्याची सोय नाही, असं एकत्र ठेवलंत तर रविवारी संध्याकाळी निकालाच्या यादीत तीन नावं उरतात आणि पुढच्या महिन्यात लीगच बंद पडते.

आता दोन्हींत गाडी कशी वागते ते पाहू. उजव्या वळणाच्या आत दगड आहे, पुढचं उजवं चाक त्यावर आदळलं. रिड्यूस्डमध्ये गचका बसतो, बंपर लोंबतो, गाडी चालू राहते. रिअ‍ॅलिस्टिकमध्ये तोच फटका सस्पेन्शनला लागतो: सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, ब्रेक दाबला की नाक एका बाजूला ओढतं, आणि एका दिशेची वळणं बरी जमतात तर दुसऱ्या दिशेला गाडी बाहेर फेकते. अशा वेळी ब्रेक लवकर आणि गाडी सरळ असतानाच मारायचा, वळणात मारायचा नाही.

रेडिएटर फुटला तर आणखी वाईट, कारण ते लगेच कळत नाही. समोरून बांधावर आदळल्यावर पहिली नजर तापमानाच्या काट्यावर गेली पाहिजे. काटा चढू लागला की गिअर लवकर वर टाका, आरपीएम खाली ठेवा आणि उगाच थांबू नका. उभ्या गाडीला वारा लागत नाही. चरात अडकल्यावर क्लच अर्धा दाबून रेस देत बसणारे तर पुढच्या स्टेजचा स्टार्टही गमावतात.

एक मात्र खरं, अशा सिम्युलेटर गेममधला, म्हणजे सिममधला, बहुतेक बिघाड आपल्याच हाताने ओढवलेला असतो. 1998 साली स्पॅनिश रॅली ड्रायव्हर कार्लोस सेन्झची टोयोटा ब्रिटनच्या रॅलीत शेवटच्या स्टेजच्या शेवटच्या काही शे मीटरवर बंद पडली आणि विश्वविजेतेपद गेलं. तसला दैवाचा घाला इथे सहसा नाही. त्यामुळे ‘रिअ‍ॅलिस्टिक म्हणजे नशीब’ ही तक्रार फारशी टिकत नाही.

रिड्यूस्डची खरी अडचण वेगळीच आहे. बांधाला टेकवून गाडी वळवणं फुकट पडतं, आतला दगड चिरडून वळण कापणंही. पेसनोटमध्ये, म्हणजे सहचालक वाचून दाखवतो त्या रस्त्याच्या नोंदींत, ‘डोन्ट कट’ (वळण आतून कापू नका) ऐकू आलं तरी कोणी ऐकत नाही. दोन महिन्यांत अंगवळणी पडलेली ही सवय रिअ‍ॅलिस्टिकला गेल्यावर पहिल्याच किलोमीटरला महागात पडते. नोट्स ऐकायला नुकते शिकणाऱ्यासाठी मात्र रिड्यूस्डच योग्य: स्टेज पूर्ण झाली तरच नोट्स डोक्यात बसतात.

लीग चालवणाऱ्यांसाठी: आठवड्यातल्या रात्री 4-5 स्टेज, सर्व्हिस नाही, तर रिड्यूस्ड. महिन्याची 10-12 स्टेजची रॅली असेल तर रिअ‍ॅलिस्टिक, पण दर तीन स्टेजनंतर सर्व्हिस आणि सुपररॅली, म्हणजे रिटायर झालेल्याला वेळेचा दंड लावून परत घेण्याची सोय, चालू. सर्व्हिसमध्ये आधी सस्पेन्शन आणि स्टिअरिंग, मग रेडिएटर, मग गिअरबॉक्स, पत्रा शेवटी. प्रत्यक्ष रॅलीत टाइम कंट्रोलला, म्हणजे ठरल्या वेळी हजेरी लावायच्या नाक्यावर, उशिरा पोचलात तर मिनिटाला 10 सेकंद दंड असतो, तेव्हा बॉनेट चकाचक करण्यात वेळ घालवू नका. डर्ट रॅली 2.0 या दुसऱ्या गेमवर क्लब असेल तर तिथे ‘हार्डकोअर डॅमेज’ हा पर्याय आहे; नियम हाच लावा.

पावसाळ्यात वीज झपकते त्याचाही विचार नियमात हवा, कारण मध्येच पीसी बंद पडला तर तो रिटायरच. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला खेळताना तो अनेकदा पुरत नाही, 1100 व्हीएचा घ्या. आणि डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (मोटर थेट स्टिअरिंगला जोडलेली, म्हणून झटका जोरात देणारं) असेल तर डॅमेज कुठलंही असो, अंगठे रिमच्या आत अडकवू नका. रिड्यूस्डमध्ये गाडी वाचते, मनगट नाही.

स्वतःपुरतं ठरवायचं असेल तर रिअ‍ॅलिस्टिक लावून सरावाच्या 20 स्टेज पळवा आणि किती वेळा गाडी घालवली ते वहीत मांडा. एक किंवा शून्य आलं तर लांब रॅलीला नाव द्या. तीन आले तर अजून महिनाभर आठवड्यातल्या रात्रीची छोटी रिड्यूस्डच.