तातडीचा पासपोर्ट, आपत्कालीन दस्तऐवज की बदललेली तारीख? ऐनवेळी अडलेल्या कुटुंबासाठी तुलनात्मक आढावा

कुटुंबाचा परदेश प्रवास चार-सहा दिवसांवर आलेला असताना कोणा एकाच्या पासपोर्टची मुदत संपत आल्याचे लक्षात येते, आणि हा ‘कोणी एक’ पुष्कळदा घरातले मूल असते. कारण अनेक देशांत प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, तर मुलांचा पाचच वर्षांचा असतो. अशा वेळी मार्ग तीन उरतात : तातडीच्या सेवेतून पूर्ण मुदतीचा नवा पासपोर्ट मिळवणे, आपत्कालीन प्रवास दस्तऐवजावर निघणे, किंवा सगळ्यांच्या अथवा काहींच्याच तारखा बदलणे. ‘विमानतळावर जाऊन तर पाहू’ हा चौथा मार्गही अनेकांच्या मनात घोळत असतो. त्याचा निकाल आधी लावलेला बरा.

प्रवाशाला पहिल्यांदा अडवते ती बहुधा विमान कंपनी. कागदपत्रे अपुरी म्हणून पलीकडच्या देशाने प्रवाशाला प्रवेश नाकारला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि अनेक देश तिला वर दंडही करतात. म्हणून चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी राष्ट्रीयत्व, पासपोर्टची अंतिम तारीख, वाटेतला थांबा आणि मुक्कामाचा देश तपासून पाहतो. त्यासाठी अनेक कंपन्या आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ‘टायमॅटिक’ ही प्रणाली वापरतात. तिथे उत्तर नकारार्थी आले, की समोरच्या माणसाला कितीही वाईट वाटले तरी त्याच्या हातात फारसे काही नसते. मात्र घाबरून धावपळ सुरू करण्यापूर्वी अडचण खरोखरच आहे का, हेही पाहावे. अनेक देश सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागतात, पण सगळेच नव्हे. काहींना मुक्कामापुरती वैधता चालते. शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, बाहेरून येणाऱ्यांसाठी साधारण नियम असा, की परतीच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा. मोजणी प्रवेशाच्या दिवसापासून करायची की परतीच्या, एवढ्यावरही निर्णय फिरू शकतो.

अडचण खरी ठरली, तर खरी तुलना पहिल्या दोन मार्गांची. आपत्कालीन दस्तऐवज लवकर मिळतो, म्हणून तो आकर्षक वाटतो. परंतु तो बहुधा ठरावीक प्रवासापुरता आणि थोड्या मुदतीचा असतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक देश तो स्वीकारतोच असे नाही. नेहमीच्या पासपोर्टवर ज्या देशात व्हिसाशिवाय जाता येते, तिथेही या दस्तऐवजासाठी वेगळा व्हिसा लागू शकतो आणि वाटेत विमान बदलायचे असेल, तर तो थांब्याच्या देशालाही मान्य असावा लागतो. पूर्ण मुदतीच्या पासपोर्टला ही शंका चिकटत नाही. त्याची गोम दुसरीकडे असते, ती म्हणजे नव्या क्रमांकात. अमेरिकेची ‘एस्टा’ किंवा तिच्यासारखी ऑनलाइन प्रवासपरवानगी जुन्या पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेली असते, त्यामुळे नवा पासपोर्ट हाती आल्यावर ती पुन्हा काढावी लागते. छापील व्हिशाचे मात्र देशागणिक वेगळे आहे. जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टमधला अमेरिकेचा वैध व्हिसा नव्या पासपोर्टसोबत दाखवता येतो, पण इतर ठिकाणी तसे गृहीत धरू नये. अर्ज देतानाच ‘जुना पासपोर्ट परत हवा आहे, व्हिशाच्या पानाला धक्का लागू नये’ असे स्पष्ट सांगावे.

माझे मत असे, की सहल घरून सुरू व्हायची असेल, तर दोन-चार दिवस उशीर सोसूनही पूर्ण मुदतीचाच पासपोर्ट घ्यावा. घाईघाईने मिळवलेल्या दस्तऐवजावर अख्ख्या कुटुंबाला तिसऱ्या देशात नेणे म्हणजे काउंटरवरची अडचण पुढच्या विमानतळावर ढकलणे होय. अपवाद तातडीच्या कौटुंबिक कारणाचा. तिथे संबंधित देशाच्या वकिलातीकडून लेखी होकार घेऊन निघावे.

अडचण पासपोर्टची नसून तिकिटावरच्या नावाची असेल, तर हा सगळा खटाटोप नको : पासपोर्ट बरोबर असल्यास तिकीट दुरुस्त करून घ्यावे, आणि तेही घरूनच.

आता प्रश्न, सगळ्यांनी थांबावे की काहींनी पुढे जावे? पुढे गेल्याने हॉटेलचे आणि उरलेल्या तिकिटांचे पैसे वाचतात, हे खरे. परंतु एकत्र काढलेले आरक्षण आधी कंपनीकडून वेगळे करून घ्यावे लागते. ते न करता एखादा प्रवासी पहिल्या विमानाला गैरहजर राहिला, तर त्याचे पुढचे टप्पे आणि परतीचे तिकीटही रद्द होऊ शकते. दुसरी बाब याहून जास्त निसटते. आई मुलांना घेऊन पुढे गेली काय किंवा पासपोर्ट अडलेल्या मुलाला घेऊन वडील मागून आले काय, मूल एकाच पालकासोबत सीमा ओलांडते आणि दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र अनेक ठिकाणी मागितले जाते, कधी नोटरीसह. एक कागद कमी पडला म्हणून कुटुंब विभागायचे आणि त्यातून दुसऱ्या कागदाची गरज निर्माण करायची, असा हा व्यवहार आहे. दोन प्रौढांपैकी एक अडकला आणि मुले सोबत नसतील, तर विभागणी सोपी. मुले लहान असतील, तर तारीख बदलण्याचे शुल्क भरून सगळ्यांनी थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्या शुल्काची भरपाई विम्यातून होईल, अशी आशा धरू नये; मुदत संपलेला किंवा चुकीचा कागद हे कारण प्रवास विम्यात सहसा वगळलेलेच असते.

परदेशात असताना पासपोर्ट हरवला, तर मात्र वरचा कौल उलटा होतो. तिथे घरी परतणे हाच उद्देश असतो आणि आपला देश आपलाच दस्तऐवज नाकारणार नसतो, म्हणून आपत्कालीन दस्तऐवज घेऊन सरळ परतावे. उरलेली सहल पुरी करण्यासाठी परक्या शहरात पूर्ण पासपोर्टची वाट पाहणे लांब मुक्काम असेल तरच परवडते. पोलिसांत तक्रार देऊन लगेच आपल्या देशाची वकिलात गाठावी, पण त्याआधी सगळ्यांच्या बॅगांचे कप्पे खरोखरच रिकामे करून पाहावेत. हरवल्याची अधिकृत नोंद झाली, की तो पासपोर्ट रद्द होतो आणि त्याचा क्रमांक इंटरपोलच्या चोरीला गेलेल्या व हरवलेल्या प्रवास कागदपत्रांच्या यादीत पोहोचू शकतो. ही यादी 2002 पासून अस्तित्वात आहे आणि जगभरच्या सीमांवर तपासली जाते. त्यामुळे नोंदीनंतर तोच पासपोर्ट मुलाच्या दप्तरात सापडला, तरी त्यावर प्रवास करता येत नाही, तो वकिलातीत जमा करावा लागतो.