गाडीसाठी मायक्रोफायबर टॉवेल: तीन प्रकार दीड वर्ष वापरल्यानंतर

गेल्या दीड वर्षात मी गाडीसाठी तीन प्रकारचे मायक्रोफायबर टॉवेल विकत घेतले: पातळ टॉवेलांचा मोठा गठ्ठा, शिवण नसलेल्या काठाचे मध्यम जाडीचे टॉवेल आणि गाडी कोरडी करण्यासाठी पीळदार विणीचे दोन मोठे टॉवेल. तिन्ही प्रकार दर आठवड्याला वापरले, नियमाने धुतले आणि त्यांतले काही खराब होऊन बाद झालेलेही पाहिले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, या खरेदीत नगाची किंमत पाहून केलेला हिशेब बहुधा चुकतो. टॉवेल कोणत्या कामासाठी हवा, त्याचा काठ कसा आहे आणि त्याचे खरे वजन किती भरते, या तीन गोष्टी पाहिल्या तर थोड्या पैशांत उत्तम माल मिळतो.

आधी वजनाविषयी सांगतो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. पाकिटावर जीएसएम म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन सांगतो. सर्वसाधारण टॉवेल ४० × ४० सेंटीमीटरचा, म्हणजे ०.१६ चौरस मीटरचा असतो. त्यामुळे ४०० जीएसएमचा टॉवेल ६४ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. हे तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजपट्टी पुरेशी आहे. माझ्या पातळ गठ्ठ्यावर ४०० जीएसएम असे ठळक छापले होते. मोजपट्टी लावल्यावर टॉवेल ३८ × ३८ सेंटीमीटरचा निघाला आणि काट्यावर त्याचे वजन ४३ ग्रॅम भरले. हिशेब केला तर ते कापड जेमतेम ३०० जीएसएमचे होते. दोन-चार ग्रॅमचा फरक समजून घेता येतो, पण आकारही कमी आणि वजनही कमी असेल, तर स्वस्त वाटणारा तो गठ्ठा प्रत्यक्षात तितका स्वस्त नसतो. दोन विक्रेत्यांच्या मालाची तुलना करताना दर नगामागे न धरता कापडाच्या क्षेत्रफळामागे धरावा, हे मी तेव्हापासून पाळतो.

मात्र जास्त जीएसएम म्हणजे चांगला टॉवेल, हा समजही मला पटत नाही. काचेसाठी जाड, लांब लव असलेला टॉवेल घेतला तर तो ओलावा धरून ठेवतो आणि काचेवर पुसट पट्टे राहतात. तिथे २०० ते ३०० जीएसएमचा, आखूड लवेचा किंवा जाळीदार चौकटींच्या विणीचा टॉवेलच चांगले काम करतो. डॅशबोर्ड, दारांच्या आतील बाजू आणि सीट यांनाही तेवढीच जाडी पुरते. पॉलिश किंवा वॅक्स पुसून काढायला ३५० ते ४५० जीएसएम योग्य, कारण त्यातील लव सुटलेले कण आत ओढून घेण्याइतकी लांब असते आणि टॉवेल हाताला जडही होत नाही. त्याहून जाड माल मी केवळ पाणी टिपण्यासाठी आणि शेवटचा हलका हात फिरवण्यासाठी घेईन.

काठाचा धडा मला नुकसान सोसून मिळाला. पातळ गठ्ठ्यातील टॉवेलांना दोऱ्याची जाड शिवण होती आणि एका कोपऱ्यात छापील लेबल होते. काळ्या रंगाच्या बॉनेटवरचे वॅक्स मी त्याच टॉवेलने पुसले आणि संध्याकाळी टॉर्च तिरपी धरून पाहिले, तेव्हा हाताच्या वळणाप्रमाणे गेलेल्या बारीक समांतर चऱ्यांची एक कमान स्पष्ट दिसली. टॉवेल उलगडून त्या लेबलावरून मनगटाची आतली बाजू फिरवली. उष्णतेने कापलेला त्याचा कोपरा नखासारखा टोचत होता. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि असे चरे घालवायचे म्हणजे त्याच थरातून थोडा भाग पॉलिशने घासून काढावा लागतो. टॉवेलावर वाचवलेल्या पैशांसाठी तो थर खर्ची घालणे मला फार महाग वाटले.

त्यानंतर घेतलेले मध्यम जाडीचे टॉवेल अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी कापलेल्या, शिवण नसलेल्या काठाचे आहेत आणि त्यांचे लेबल कागदी पट्टीचे असल्याने सहज निघून येते. माझ्या मते पैशाचा सर्वांत चांगला मोबदला याच प्रकारात मिळतो. तरीही घेण्यापूर्वी किंवा निदान वापरण्यापूर्वी प्रत्येक काठावरून मनगट फिरवून पाहावे, कारण कापताना उष्णता जास्त लागली असेल तर तोच काठ कडक होतो. शंका आली तर जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर टॉवेल दाबून दहा-बारा वेळा फिरवावा. तिथे चरे उमटले तर तो टॉवेल रंगाला लावू नये. माझ्या डझनभर टॉवेलांपैकी दोन या परीक्षेत नापास झाले आणि ते आता चाकांसाठी वापरतो.

पाकिटावर आणखी एक आकडा असतो: ८०/२० किंवा ७०/३०. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) यांचे ते प्रमाण आहे. हे दोन पदार्थ एकाच तंतूत एकत्र काढले जातात आणि मग तो तंतू फोडून पाचरीच्या आकाराचे अतिसूक्ष्म धागे वेगळे केले जातात. पाणी आणि धूळ या पाचरींमधल्या फटींत धरली जाते. पॉलिअमाइड महाग असल्याने ७०/३० चा दर चढा असतो आणि तो टॉवेल बहुधा अधिक मऊही लागतो, पण हे प्रमाण घरी तपासण्याचा उपाय नाही, म्हणून केवळ त्या आकड्यासाठी मी जास्त पैसे मोजत नाही. तंतू नीट फुटले आहेत की नाहीत, हे मात्र कळते. काचेवर चमचाभर पाणी सांडून टॉवेल हलक्या हाताने त्यावरून ओढावा. तंतू फुटलेले असतील तर पाणी टिपले जाते, नसतील तर ते टॉवेलापुढे सरकत राहते. कोरड्या तळहाताच्या कातडीला धागे किंचित अडकत असतील, तर तीही चांगली खूण आहे.

पीळदार विणीचे मोठे टॉवेल ६० × ९० सेंटीमीटरचे आणि ६०० जीएसएमचे आहेत. काट्यावर ते ३२० ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे छापील आकडा खरा निघाला. एक टॉवेल छतावर पसरून दोन कोपरे धरून स्वतःकडे ओढला की, न घासता जवळजवळ सारे पाणी टिपले जाते, आणि मध्यम आकाराची गाडी एका टॉवेलात कोरडी होऊन दुसरा दारांच्या फटींसाठी आणि आरशांसाठी उरतो. याहून दुप्पट जाडीचे टॉवेलही मिळतात, पण भिजल्यावर ते पिळायला अवघड जातात आणि वाळायला फार वेळ घेतात. घरी गाडी धुणाऱ्याला त्यांची गरज मला दिसत नाही.

धुण्याकडे दुर्लक्ष केले तर उत्तम टॉवेलही काही महिन्यांत निकामी होतो. नवे टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवावेत, म्हणजे सुटा रंग आणि तुटके धागे निघून जातात. सुती कपड्यांबरोबर ते कधीही धुऊ नयेत, कारण सुताचे तंतू लवेत रुततात आणि पुढच्या वेळी रंगावर उतरतात. कोमट पाणी, थोडे द्रवरूप डिटर्जंट आणि सावलीत वाळवणे एवढे पुरे. कपडे मऊ करण्याचे द्रव्य पूर्ण वर्ज्य, कारण त्याचा थर तंतूंवर बसून पाणी टिपण्याची शक्ती जाते; ब्लीच आणि कडक उष्णता यांनीही तंतूंची हानी होते. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर कडक संरक्षक थर चढवणारे द्रव्य, पुसलेला टॉवेल मात्र धुऊन परत वापरू नये, ते द्रव्य तंतूंतच कडक होते. त्या कामासाठी स्वस्तातले, पण मऊ काठाचे टॉवेल वेगळे ठेवावेत.

जमिनीवर पडलेला टॉवेल मी त्या दिवशी रंगाला परत लावत नाही, कितीही झटकला तरी. कामांप्रमाणे रंगही ठरवून घेतले आहेत: निळे बाहेरच्या रंगासाठी, हिरवे काचांसाठी, राखाडी आतल्या भागासाठी. पातळ गठ्ठ्यातील उरलेल्या टॉवेलांची लेबले कापून ते चाके, इंजिनाचा भाग आणि दारांच्या खालच्या कडा यांच्यासाठी ठेवले आहेत, आणि त्या कामात त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पुन्हा खरेदी करताना मी मध्यम जाडीचे, शिवण नसलेले बारा आणि पीळदार विणीचा एकच घेईन. पातळ गठ्ठा पुन्हा घ्यायची वेळ यायला अजून बराच काळ जाईल, कारण निळे टॉवेल जुने झाले की तेच चाकांच्या कामाला लागतील.