केनीवूड: ट्राम कंपनीने वसवलेले उद्यान

पिट्सबर्गजवळ वेस्ट मिफ्लिन येथे असलेले केनीवूड हे मनोरंजन उद्यान १८९८ साली एका ट्राम कंपनीने सुरू केले. त्यामागचा हिशेब सरळ होता: आठवडाभर कामगारांनी भरून जाणाऱ्या गाड्या सुटीच्या दिवशी रिकाम्या धावत, तेव्हा मार्गावरच सहलीचे ठिकाण असले तर त्या दिवशीही तिकिटे खपतील. अशी उद्याने त्या काळी अमेरिकेत गावोगावी निघाली, आणि मोटारी आल्यावर त्यांपैकी बहुतेक बंद पडली. केनीवूड मात्र टिकले. १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही मिळाला.

ट्राम केव्हाच गेली. आता वाहनतळावरून रस्त्याखालच्या बोगद्यातून आत जावे लागते. नदीपलीकडे ब्रॅडॉकचा पोलाद कारखाना दिसतो, आणि हे उद्यान कोणासाठी बांधले होते ते निराळे सांगावे लागत नाही.

येथे जावे ते लाकडी रोलर कोस्टरांसाठी. १९२० सालच्या ‘जॅक रॅबिट’ची उंची आजच्या मानाने किरकोळ आहे, परंतु तो दरीच्या उतारावर बेतलेला असल्याने लागोपाठच्या दुहेरी उताराला माणूस आसनावरून खरोखर उचलला जातो. १९२७ च्या ‘रेसर’मध्ये दोन गाड्यांची शर्यत लागते, पण रूळ मुळात एकच, अखंड असल्यामुळे डावीकडून सुटलेली गाडी उजवीकडे परतते. माझ्या मते सर्वांत चतुर रचना ‘थंडरबोल्ट’ची आहे: १९२४ च्या जुन्या कोस्टरमधून १९६८ साली घडवलेली ही गाडी स्थानकातून निघताच दरीत कोसळते आणि चढण मागाहून येते. नव्या पोलादी कोस्टरांपैकी ‘फँटम्स रिव्हेंज’ तेवढा या भूमीचा वाटतो, कारण तोही त्याच दरीत, थंडरबोल्टच्या सांगाड्यातून खाली झेपावतो. बाकीचे कोणत्याही मोठ्या उद्यानात शोभले असते.

खाण्यात ‘पोटॅटो पॅच’चे चीज घातलेले बटाट्याचे काप प्रसिद्ध आहेत, ते चविष्ट असले तरी जड आहेत, म्हणून कोस्टर उरकल्यावरच घ्यावेत. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरासाठी पिट्सबर्गला येणाऱ्या मराठी कुटुंबांनी या उद्यानासाठी वेगळा दिवस राखावा. एकट्याने जाणाऱ्याने मात्र थंडरबोल्टची आशा सोडावी, कारण तेथे जोडीदाराशिवाय बसू देत नाहीत, आणि जोडीतही अंगाने मोठ्या असलेल्याने आधी बसायचे असते.