फेअर हाउसिंगचा कोर्स: लायसन्स रिन्यू झाल्यानंतरचे काही महिने

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात घरं विकते. क्लायंट बहुतेक भारतीय, त्यात मराठी बरेच. कॅलिफोर्नियात २०२३ पासून लायसन्स रिन्यू करताना फेअर हाउसिंगच्या, म्हणजे घर विकताना किंवा भाड्याने देताना भेदभाव न करण्याच्या, तीन तासांच्या कोर्समध्ये रोल-प्ले सक्तीचा आहे. एकदा एजंट व्हायचं, एकदा गिऱ्हाईक. मी तो ऑनलाइन केला.

कायद्याचा भाग रटाळ. १९६८ चा कायदा, १९७४ मध्ये त्यात लिंगभेदाची भर, १९८८ मध्ये अपंगत्व आणि मुलंबाळं असलेली कुटुंबं. स्लाइडवर आहे तेच आवाज वाचून दाखवतो, आणि वेळ भरेपर्यंत ‘नेक्स्ट’ दाबता येत नाही. चहा करून घ्या.

रोल-प्लेचे मात्र पैसे वसूल झाले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने एजंटांकडे छुपे टेस्टर, म्हणजे खोटे गिऱ्हाईक, पाठवले होते आणि २०१९ मध्ये ते छापलं. कृष्णवर्णीय टेस्टरांच्या ४९ टक्के चाचण्यांत दुजाभावाच्या खुणा दिसल्या. शिवीगाळ वगैरे काही नाही. काहींना घर दाखवण्याआधीच प्री-अप्रूव्हल (कर्ज मिळेल असं बँकेचं पत्र) मागितलं, गोऱ्यांना तसंच दाखवलं. तेव्हापासून माझी प्रश्नावली सगळ्यांना एकच, क्रमही तोच. ओळखीतून आलेल्यांना राग येतो, येऊ दे.

रोजचा पेच वेगळाच. ‘आपली माणसं कुठे जास्त आहेत हो?’ हा प्रश्न पहिल्या फोनवर येतोच. उत्तर दिलं की ते स्टीअरिंग, म्हणजे वंश-धर्म पाहून गिऱ्हाइकाला ठरावीक भागाकडे वळवणं. कोर्समधलं तयार वाक्य मराठीत आणलं तर तुसडं वाटतं, विशेषतः समोर कोणाचे तरी सासरे असताना. आता मी म्हणते, ‘काका, हे मी सांगितलं तर माझं लायसन्स जाईल. सेन्ससची आणि शाळांची लिंक पाठवते, एरिया तुम्ही निवडा, तिथली सगळी घरं मी दाखवते.’ लायसन्सचं नाव काढलं की काका लगेच समजून घेतात.

घरमालकांच्या बाबतीत कोर्स तोकडा पडतो. ‘फॅमिलीच हवी, बॅचलर नको’ हे पुण्यात जाहिरातीत छापतात. इथे वैवाहिक स्थितीवरून भेदभाव बेकायदा. ‘व्हेज ओन्ली’बद्दल कोर्समध्ये अवाक्षर नाही. शाकाहारी हा काही कायद्याने संरक्षित गट नाही, पण त्याआडून धर्म किंवा मूळ देश पाहून माणसं गाळली जातायत असं दिसलं तर प्रकरण अंगाशी येऊ शकतं. जाहिरातीत तसं काही मी घालत नाही, मालक कितीही रुसले तरी. जातीचाही उल्लेख नाही. सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, त्यात घरंही आली. कॅलिफोर्नियाचं तसं विधेयक त्याच वर्षी गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं, कारण काय, तर सध्याच्या कायद्यांत ते येतंच. येत असेल तर शिकवा ना! आडनाव विचारून भाडेकरू ठरवणारे मालक बे एरियात नसतील असं समजायचं का?

सेक्शन ८ व्हाउचरचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी भाडे-मदतीचा, धडा चांगला आहे. नुसत्या व्हाउचरवरून भाडेकरू नाकारता येत नाही, हा इथला २०२० पासूनचा नियम बऱ्याच मालकांना माझ्याकडूनच पहिल्यांदा कळतो.

कोर्स घ्यायचा असेल तर स्वस्तातला घ्या, फक्त रोल-प्लेमध्ये माणूस समोर आहे की नुसती बटणं, ते आधी विचारा. रिअल्टर असोसिएशनचा ‘फेअरहेवन’ हा ऑनलाइन सराव फुकट आहे, तो आधी करून पाहा. लायसन्सच्या तासांत तो धरला जाईल असं मात्र गृहीत धरू नका.